एफ. एम. अलेक्झांडर

फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर (जन्म : २० जानेवारी १८६९, टास्मानिया, मृत्यू : १० ऑक्टोबर १९५५, लंडन) हे बसणे, उठणे, चालणे, बोलणे अशा नित्याच्या हालचाली सुधारण्याचे शिक्षण देणारे ऑस्ट्रेलियन शिक्षक होते. त्यांची पद्धत 'अलेक्झांडर तंत्र' या नावाने ओळखली जाते.

तरुणपणी ते रंगमंचावर पठण करीत. पठण चालू असतानाच त्यांचा आवाज बसू लागला. विश्रांतीने तो सुधारे, पण रंगमंचावर परतताच पुन्हा बिघडे. तेव्हा दोष घशात नसून पठणाच्या रीतीत असावा, असा तर्क त्यांनी केला आणि आरशासमोर उभे राहून स्वतःचे निरीक्षण आरंभिले. बोलताना आपले डोके मागे खेचले जाते, स्वरयंत्र दाबले जाते आणि श्वास तोंडाने ओढला जातो, असे त्यांना दिसले. डोके पुढे ठेवण्याचा त्यांनी निश्चय केला. ते पुढे आहे असे त्यांना वाटतही होते, परंतु आरशात ते मागेच खेचलेले दिसे. स्वतःच्या अंगाची जाणीवही फसवी असू शकते, हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा शोध म्हणावा लागेल. म्हणून नवी सवय लावण्याआधी जुनी प्रतिक्रिया क्षणभर थांबवणे, हे त्यांच्या शिकवणीचे मूळ सूत्र ठरले.

१९०४ मध्ये ते लंडनला गेले. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, लेखक आल्डस हक्सली व नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ हे त्यांचे विद्यार्थी होते. धड्यात व्यायाम नसे. शिक्षक मानेला व पाठीला हाताचा हलका आधार देई आणि विद्यार्थी खुर्चीतून उठण्याबसण्यासारखी साधी क्रिया पुन्हा पुन्हा करी. १९३१ मध्ये त्यांनी शिक्षक-प्रशिक्षणवर्ग सुरू केला.

१९४४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका नियतकालिकाने त्यांच्या पद्धतीला भोंदूगिरी ठरवले. अलेक्झांडर यांनी बदनामीचा दावा लावला. १९४८ मध्ये जोहान्सबर्ग येथे सुनावणी झाली, त्याच्या थोडेच आधी त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. त्यामुळे ते हजर राहू शकले नाहीत. निकाल त्यांच्या बाजूने लागून १,००० पौंडांची भरपाई मिळाली. अर्थात, न्यायालयातील विजय हा वैद्यकीय पुरावा नव्हे. तसा पुरावा बराच उशिरा आला : २००८ च्या एका ब्रिटिश चाचणीत दीर्घकालीन पाठदुखीच्या रुग्णांना २४ धड्यांनी वर्षानंतरही लाभ झाल्याचे आढळले. दम्याच्या बाबतीत मात्र असा पुरावा उपलब्ध नाही.

आजारातून सावरल्यावर अलेक्झांडर अखेरपर्यंत शिकवत राहिले.