चांगीच्या तुरुंगातली वीस बाळे

यंदा आमच्या नातीला मुलगी झाली. पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडेच आली आहे. तिसऱ्या दिवशी इस्पितळात तिला भेटायला गेले, तर ती रडवेली होऊन बसली होती. आपल्याला दूधच पुरेसे येत नाही, असे तिच्या मनाने घेतले होते. खोलीत आम्ही चौघी बायका आणि सल्लेही तितकेच. शेजारच्या काकूंचे म्हणणे, पहिले पिवळे, चिकट दूध बाळाला जड जाते, ते पिळून टाकायला हवे होते. मावशीला वाटत होते की पोरगी मुळातच अशक्त, तिच्या दुधात कस कुठून येणार? माझी सून डब्यातली पावडर आणू का म्हणून विचारत होती, फक्त रात्रीपुरती.

चौथी मी. मी गप्प बसले होते, कारण हे सगळे मी पूर्वी ऐकले होते आणि मानलेही होते. १९७५ साली माझा थोरला, म्हणजे या नातीचा बाप, जन्मला तेव्हा आमच्या फडताळात दुधाच्या पावडरीचा एक डबा आला. डब्यावर एका गोऱ्यापान, गुटगुटीत बाळाचे चित्र होते. त्या चित्राकडे आणि मांडीवरच्या माझ्या किरकोळ अंगाच्या पोराकडे बघून मी बाटली हातात घेतली. आधी रात्रीची एक, मग दुपारचीही. दीड महिन्यात माझे दूध आटले. त्या पावसाळ्यात मुलाला जुलाब लागले आणि आठ दिवस इस्पितळात काढावे लागले. तो वाचला, पण आपल्याला दूधच नव्हते, ही बोच मी पुढे कितीतरी वर्षे मनात बाळगली.

ती बोच कमी झाली एका डॉक्टरबाईंमुळे. त्यांना मी कधी पाहिले नाही. १९९२ मध्ये त्या वारल्या. त्यांचे नाव सिसिली विल्यम्स. बालरोगतज्ज्ञांच्या जगात हे नाव फार मोठे आहे. आपल्या घराघरांत ते पोहोचले नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. त्या दिवशी नातीला मी त्यांचीच गोष्ट सांगितली.

सिसिलीबाईंचा जन्म २ डिसेंबर १८९३ चा, वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावरचा. वडील शिक्षण खात्यात अधिकारी होते. शिकण्यासाठी लहानपणीच तिला इंग्लंडला पाठवण्यात आले. पुढे ऑक्सफर्डला प्रवेशही मिळाला, पण घरच्या अडचणींमुळे काही वर्षे जमैकातच थांबावे लागले. १९१६ मध्ये वडील गेले आणि त्यानंतर तेविशीतली सिसिली ऑक्सफर्डला पोहोचली. पहिले महायुद्ध चालू होते. तरुण मुले आघाडीवर गेलेली, वर्ग ओस पडलेले, म्हणून मुलींना वैद्यकीच्या शिक्षणाची दारे थोडी किलकिली झाली होती. त्या फटीतून ती आत शिरली आणि १९२३ मध्ये डॉक्टर झाली.

डॉक्टर होऊनही स्त्रियांना नोकऱ्या सहजी मिळत नसत. बरीच खटपट केल्यावर १९२९ मध्ये ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय सेवेत तिची नेमणूक झाली, ती आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घाना देशात. हुद्दा होता स्त्री वैद्यकीय अधिकाऱ्याचा. काम पुरुषांइतकेच, पगार मात्र त्यांच्याहून कमी.

अक्रा शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात सिसिलीबाईंपुढे एक चमत्कारिक दुखणे येऊ लागले. एक ते चार वर्षांची मुले. पाय सुजलेले, पोट फुगलेले, कातडीचे पापुद्रे निघालेले, काळे केस तांबूस झालेले. अशी मुले बघता बघता दगावत. जाणकार म्हणवणारे डॉक्टर याला पेलाग्रा या जुन्याच रोगाचे नाव देऊन मोकळे होत. बाईंना ते पटेना. त्यांनी मृत मुलांची शवविच्छेदने स्वतः केली. असे करताना एकदा हाताला जखम होऊन भयंकर जंतुसंसर्ग झाला आणि त्या मरता मरता वाचल्या. पेनिसिलिन तेव्हा मिळत नव्हते.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी मुलांच्या आयांना विचारले. तिथल्या गा भाषेत या आजाराला नावच होते, क्वाशिओरकर. दुसरे बाळ आले की अंगावरून दूर झालेल्या थोरल्या मुलाला जडणारे दुखणे, असा त्याचा भावार्थ. मोठमोठ्या ग्रंथांत जे नव्हते ते त्या आयांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. अंगावरचे दूध तुटले आणि त्या जागी नुसती मक्याची पेज आली, की मूल सुजू लागते. १९३३ मध्ये बाईंनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात त्याच गा नावाने तो जगापुढे मांडला. आपल्याकडच्या आरोग्यसेविका ज्याला सुजवटी म्हणतात तोच हा रोग. त्यामागे प्रथिनांच्या कमतरतेखेरीज आणखीही कारणे असतात, हे पुढच्या संशोधनातून दिसले. पण त्या आयांचे निरीक्षण खोटे ठरले नाही.

या शोधातून तुमच्या-आमच्या घरातल्या दोन समजुतींचा निकाल लागतो. पुन्हा दिवस राहिले की आईचे दूध विषासारखे होते, ही पहिली. तसे काही होत नाही. गरोदरपणात काही गुंतागुंत नसेल तर डॉक्टरांना विचारून आधीच्या मुलाला पाजत राहता येते. दुसरी समजूत नेमकी उलट टोकाची. अंगावर पिते आहे ना, मग वरचे अन्न कशाला? सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरते. पाणीदेखील लागत नाही, अगदी वैशाखातसुद्धा नाही. मधाचे बोट आणि गुटी यांचीही गरज नाही. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला अपायकारक ठरू शकतो. सहा महिन्यांनंतर मात्र दुधाच्या जोडीला मऊ भात, वरण, भाज्या, अंडे असे अन्न सुरू व्हायलाच हवे, आणि दूध दोन वर्षे किंवा त्याहूनही पुढे चालू ठेवावे.

वरिष्ठांशी बाईंचे फारसे पटले नाही. १९३६ मध्ये त्यांची बदली मलायात झाली. तिथे वेगळेच दृश्य होते. सिंगापूरच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत परिचारिकांसारखा पोशाख केलेल्या बायका घरोघर फिरत आणि बाळंतिणींना साखर घातलेले डब्यातले दूध आईच्या दुधाइतकेच चांगले असल्याचे पटवून देत. या बायकांना पगार दूध कंपन्या देत. खुद्द ब्रिटनमध्ये मलई काढलेल्या अशा दुधाच्या डब्यावर ते तान्ह्या बाळांना देण्याजोगे नाही, असे छापावे लागे. इथे मात्र भोळ्या आयांच्या गळ्यात ते मारले जात होते. डबा महाग, म्हणून पाणी जास्त; पाणी अशुद्ध, बाटली नीट न उकळलेली. बाळे जुलाबाने आणि उपासमारीने मरत होती.

१९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबने सिसिलीबाईंना भाषणाला बोलावले. भाषणाचे नाव त्यांनी ठेवले दूध आणि खून. अशा चुकीच्या प्रचारामुळे होणारे बालमृत्यू हे खूनच समजले पाहिजेत, असे त्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांपुढे स्पष्ट सांगितले. सरकारी नोकरीतल्या एका बाईने व्यापाऱ्यांना तोंडावर असे ऐकवायला किती धाडस लागले असेल!

त्या भाषणाबद्दल वाचताना मला माझ्या फडताळातला डबा आठवला. माझ्या दारात कोणी गणवेशातली बाई आली नव्हती. ते काम डब्यावरच्या चित्राने केले होते. दूध कमी पडते आहे ही शंका आधी मनात येते, मग बाटली येते. बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी पिते आणि बाळ कमी प्यायले की दूध खरोखरच कमी होते. कारण आईचे दूध मागणीप्रमाणे तयार होते. जितक्या वेळा बाळ ओढेल, तितके ते वाढते. छातीचा आकार लहान की मोठा, याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे माझे दूध आटल्यामुळे बाटली आली नव्हती. बाटली आल्यामुळे ते आटले होते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने मलायावर हल्ला केला. तेव्हा बाई पूर्व किनाऱ्यावरच्या त्रेंगानू भागात होत्या. तिथून जंगलातली वाट तुडवत त्या सिंगापूरला आल्या; पण फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरही पडले आणि हजारो गोऱ्या नागरिकांबरोबर त्यांची रवानगी चांगीच्या तुरुंगात झाली. पुढची साडेतीन वर्षे कैदेत गेली. स्त्रियांच्या छावणीचे पुढारीपण त्यांच्याकडे आले आणि त्यामुळेच जपानी लष्करी पोलिसांचा संशयही. १९४३ च्या अखेरीस त्यांना चौकशीसाठी नेले. कित्येक महिने अरुंद पिंजऱ्यासारख्या कोठडीत, मरणासन्न माणसांच्या सोबत त्यांनी काढले. सुटकेच्या वेळी बेरीबेरीने त्यांचे शरीर पोखरले होते. पायांची बधिरता जन्मभर राहिली.

या तुरुंगात वीस बाळे जन्मली. आयांना मिळत होता तो तुटपुंजा भात आणि थोडा पालापाचोळा. बाहेरचे दूध जवळपास नव्हतेच. विसांच्या वीस आयांनी आपल्या बाळांना अंगावर पाजले आणि विसांची वीस बाळे जगली. सुटकेनंतर बाईंनी आपल्या अहवालात हे नोंदवून ठेवले.

अशक्त आईच्या दुधात कस नसतो म्हणणाऱ्यांना याहून मोठा दाखला कुठला द्यायचा? अर्थात आई उपाशी राहिली तरी चालते, असा अर्थ यातून कोणी काढू नये. आईचे शरीर स्वतःची गंगाजळी मोडून बाळाला देते. त्याची किंमत आई मोजते. म्हणूनच बाळंतिणीला चार घास जास्त घालायचे ते तिच्यासाठी.

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बालक आरोग्य विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. पुढे बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात १९५९ पासून पाच वर्षे प्राध्यापक होत्या. लग्न त्यांनी केले नाही. ज्या खुनाबद्दल त्या १९३९ मध्ये बोलल्या, त्याची दखल घ्यायला जगाला चार दशके लागली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका. १३ जुलै १९९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी सिसिलीबाई वारल्या आणि त्याच वर्षाच्या शेवटी भारताच्या संसदेने बालदुग्धपर्यायांविषयीचा कायदा केला. अशा पावडरींच्या जाहिरातींना, फुकट नमुन्यांना त्याने बंदी घातली. डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. माझ्या फडताळातले ते गुटगुटीत बाळ या कायद्याने कायमचे पुसले गेले.

एक गोष्ट मात्र मी नातीला आवर्जून सांगितली. काही आयांना खरोखरच अडचण येते. आजार असतो, बाळ अपुऱ्या दिवसांचे असते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरे दूध देणाऱ्या आईने अपराधी वाटून घेऊ नये. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली, ती अशाच बाळांसाठी. पण आपल्याला दूध नाही, हे शेजारणीने किंवा डब्याने ठरवायचे नाही. बाळाचे वजन वाढते आहे का, पहिल्या चार-पाच दिवसांनंतर ते दिवसातून सहा-सात वेळा लघवी करते का, हे बघायचे. ते पिवळे चिकाचे दूध तर रोगांशी लढणाऱ्या द्रव्यांनी भरलेले असते. बाळाची ती पहिली लसच. त्याचा थेंबही टाकायचा नाही.

गोष्ट संपेपर्यंत काकू गप्प झाल्या होत्या. परिचारिका आली, तिने बाळाला कसे धरायचे ते नीट दाखवले, आणि इतका वेळ किरकिरणारी माझी पणती चुटुचुटु ओढू लागली. सुनेने पावडरीचा विषय पुन्हा काढला नाही. अळिवाची खीर करून आणते म्हणून ती घरी गेली. दारात माझा थोरला उभा होता, पन्नाशीचा, नव्यानेच आजोबा झालेला. बाळ दूध पिते आहे का, एवढेच त्याने विचारले. मी हो म्हटले.