डॉ. जेरुशाबाई झिराड : एक विद्यार्थिनी, एक ऋण

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला नाही असे घर हल्ली विरळाच. कुणाचा नातू अमेरिकेला, तर कुणाची भाची दुबईला. अबुधाबीला तर 2024 पासून दिल्लीच्या आय.आय.टी.चे वर्ग भरू लागले आहेत, आणि त्याच शहरात 2023 साली रंबमच्या नावाचे सिनेगॉगही उघडले. मुंबईहून तिकडे जायला विमानाने तीन तास पुरतात. सोय उत्तम झाली, याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक मुलगी एकटी लंडनला शिकायला गेली, तिची गोष्ट नव्या पिढीला सांगणारे आता थोडेच उरले आहेत. म्हणून हा लेख.

डॉ. जेरुशा जेकब झिराड यांचा जन्म 1890 च्या सुमारास शिमोग्याला झाला. आडनाव मात्र अलिबागजवळच्या झिराड गावचे, म्हणजे मूळ आपल्या कोकणातलेच. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. त्या अकरा वर्षांच्या असताना त्यांची बहीण फार आजारी पडली. मुंबईच्या कामा हॉस्पिटलात डॉ. बेन्सन या इंग्रज डॉक्टरीणबाईंच्या उपचाराने ती बरी झाली. हे हॉस्पिटल 1886 साली सुरू झालेले, खास स्त्रिया व मुलांसाठी. पुरुष डॉक्टरापुढे जायला बायका तयार नसत आणि पुष्कळ जणी औषधावाचून मरत, असा तो काळ. आपणही डॉक्टर व्हायचे आणि याच हॉस्पिटलात काम करायचे, असे त्या लहान मुलीने ठरवले.

1912 साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या एल.एम. अँड एस. झाल्या. पुढचे शिक्षण विलायतेत घ्यायचे, तर घरी तेवढा पैसा नव्हता. टाटांच्या निधीतून शिष्यवृत्ती मिळाली, पण ती कर्जाऊ. शिकून झाल्यावर फेडायची. पुढे हिंदुस्थान सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

सुवेझमार्गे आठवडेच्या आठवडे बोटीचा प्रवास करून त्या लंडनला पोचल्या. तेथे स्त्रियांसाठी 1874 साली स्थापन झालेले वेगळे मेडिकल कॉलेज होते. आपल्या डॉ. रखमाबाई तेथेच शिकल्या होत्या. जेरुशाबाईंच्या नशिबी मात्र महायुद्धाच्या काळातले लंडन आले. 1915 पासून शहरावर झेपेलिनमधून बाँब पडू लागले, रात्री दिवे झाकावे लागत, शेवटी साखर-लोणीही मोजून मिळू लागले. समुद्रात पाणबुड्या असल्यामुळे घरचे पत्र पोचेल याचीही खात्री नसे. अशा शहरात राहून त्या शिकल्या आणि 1919 साली स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात लंडन विद्यापीठाच्या एम.डी. झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

लंडनने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. तेथे लिली माँटेग्यूबाईंनी 1902 साली ज्यूइश रिलिजस युनियन काढली होती. समजेल अशा भाषेत प्रार्थना, स्त्रीपुरुषांनी एकत्र बसणे, असा तेथला प्रकार. जेरुशाबाईंच्या मनाला तो पटला, आणि 1925 साली त्यांनी मुंबईत तशीच संस्था स्थापन केली. आपल्यापैकी अनेकांना ही पद्धत मान्य नाही; आम्हीही जुन्या वळणाचेच. परंतु परक्या शहरात राहून धर्म विसरणारे पुष्कळ असतात. धर्माचा अधिक विचार करून परत येणारी विद्यार्थिनी विरळा, एवढे तरी आपण मान्य केले पाहिजे.

मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ दिल्लीत आणि बंगलोरच्या प्रसूतिगृहात काम केले. नंतर त्या मुंबईला आल्या आणि 1928 साली कामा हॉस्पिटलच्या मुख्य झाल्या. ज्या दारातून बहीण बरी होऊन बाहेर पडली, त्याच हॉस्पिटलचा कारभार 1947 पर्यंत त्यांच्याकडे होता. बाळंतपणात बायका का दगावतात, याची त्यांनी 1937-38 साली मुंबई शहरात रीतसर पाहणी केली. असे मृत्यू नशिबाचा भाग मानण्याची तेव्हा रीत होती. यांनी त्यांची कारणे शोधून कागदावर मांडली. भारतातील स्त्री-डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. आपल्या स्त्री मंडळाच्या कार्यातही त्यांचा हात होता. 1945 साली एम.बी.ई. आणि 1966 साली पद्मश्री हे मान त्यांना मिळाले. 1980 च्या दशकात त्यांचे निधन झाले.

शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे उपदेश करण्याची आम्हाला खोड आहे, ती वाचकांनी गोड मानून घ्यावी. शिकायला गेलेल्या मुलांनी परतच यावे, असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही स्वतःच जन्मगाव सोडून इतक्या दूर येऊन राहिलो आहोत. पण जेरुशाबाईंनी दोन कर्जे घेतली होती, एक टाटांच्या निधीचे आणि दुसरे कामा हॉस्पिटलचे. पहिले पैशाने फिटते. दुसरे फेडायला त्यांनी आयुष्य दिले. दुबईला जावो की लंडनला, घरातून निघणाऱ्या मुलाला आपण बॅग भरून देतो, डबा देतो. निघताना हे दुसरे कर्ज कुणाचे आहे, तेही त्याच्या कानावर घालावे. ते कोठे राहून फेडायचे, हे त्याचे त्याने ठरवावे.