डॉ. कमला सोहोनी : गरिबाच्या ताटाची शास्त्रज्ञ

शास्त्रज्ञ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुर्बीण येते, रॉकेट येते, नाही तर अणुभट्टी येते. वरणाच्या पातेल्यात काय शिजते आहे आणि ते खाणाऱ्या मुलाच्या अंगी किती लागते आहे, हे शोधण्यात आयुष्य घालविणारी व्यक्तीही शास्त्रज्ञच असते, हे सहसा आपल्या मनात येत नाही. डॉ. कमला सोहोनी या अशा शास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत असते. पण त्या पदवीचे त्यांनी पुढे काय केले, हे मात्र त्या पुस्तकांत नसते. खरी गोष्ट तर तेथूनच सुरू होते.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. माझा आणि जीवरसायनशास्त्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. ग्राहक संरक्षण हा विषय आम्हांला अभ्यासाला आहे. त्या निमित्ताने १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेची माहिती काढताना कमलाबाईंचे नाव समोर आले, आणि मग त्यांचे चरित्र समजून घेतल्यावाचून राहवले नाही.

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच भारतीय विज्ञान संस्थेत झालेले. साहजिकच १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला. कारण गुणांचे नव्हते. त्या मुलगी होत्या, एवढेच कारण होते. त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन.

एवढ्या मोठ्या माणसाने नाही म्हटल्यावर दुसरे कोणीही घरी परतले असते. कमलाबाई परतल्या नाहीत. त्यांनी रामन यांची भेट घेऊन नकाराचे कारण विचारले आणि सत्याग्रहाची तयारी दाखविली. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तितका वेळ काम करावे लागणार होते, आणि त्यांच्यामुळे संस्थेचे वातावरण बिघडता कामा नये, असेही बजावण्यात आले होते. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. पण वर्षभरानंतर रामन यांचे समाधान झाले आणि त्या संस्थेचे दार पुढच्या मुलींनाही उघडले गेले. आज बंगळूरला शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या प्रवेशअर्जामागे तो एक नामंजूर अर्ज आहे, असे मला वाटते.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. विषयाची ही निवड लक्षात ठेवण्यासारखी आहे. मांस-मासे ज्यांना परवडत नाहीत किंवा चालत नाहीत, अशा कोट्यवधी माणसांच्या अंगात बळ येते ते याच पदार्थांतून. १९३६ साली एम.एस्सी. होऊन त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली नोबेल मिळविणारे हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम करता आले. तेथे बटाट्यावर काम करीत असताना, वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असते आणि पेशींच्या श्वसनात त्याचा वाटा असतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या मायदेशी परतल्या.

परदेशात राहण्याची संधी त्यांना नव्हती असे नाही. परंतु त्या आल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून, आणि नंतर निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी काम केले. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. आपल्याकडील कोणत्या धान्यात किती प्रथिने, किती लोह, याचे जे तक्ते आज देशभर वापरले जातात, ते याच संस्थेचे.

१९४७ साली माधवराव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माधवराव विमागणिती होते, म्हणजे आम्हां वाणिज्यवाल्यांच्या गोत्रातले! त्यानंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमलाबाई जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन जे संशोधन केले, ते आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. कच्च्या कडधान्यांत एक अडसर असतो. प्रथिने पचविणारे ‘ट्रिप्सिन’ नावाचे पाचक द्रव्य आपल्या आतड्यांत असते, त्याला हा अडसर काम करू देत नाही. म्हणून ताटात प्रथिने भरपूर असूनही ती अंगी लागत नाहीत. आपण ज्यांना वाल म्हणतो आणि कन्नडमध्ये ज्यांना ‘अवरे’ म्हणतात, त्यांतून त्यांनी हा अडसर स्फटिकरूपात वेगळा काढला. ते संशोधन १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कडधान्य भिजत घालणे, मोड आणणे आणि नीट शिजविणे ही आपल्या आज्यांची पद्धत याच अडसराचा जोर कमी करते. माझे आजोळ बीदरकडचे. तेथे आणि आमच्या घरी भाषा बदलते, पण रात्री कडधान्य भिजत घालायचा शिरस्ता एकच आहे.

त्यांचे दुसरे मोठे काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताड-शिंदीच्या झाडाचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. तिच्यात ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांनी दाखविले. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारते, असेही या अभ्यासातून दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

हे वाचताना मला माझे गाव आठवले. मुधोळ म्हटले की आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रमैत्रिणी शिकारी कुत्र्यांची चौकशी करू लागतात. ते मुधोळ बागलकोट जिल्ह्यातले. माझे मुधोळ तेलंगणातले, बासरच्या सरस्वतीजवळचे. ते पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. आमच्या भागात ताड-शिंदीची झाडे आहेत, शेतात तूर आहे, हरभरा आहे. सरकारी शाळांत दुपारचे शिजवलेले जेवण मिळते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिल्यावर देशभर ते सुरू झाले, आणि त्या भात-वरणाने किती मुलांची शाळा टिकली हे आमच्यासारख्यांनी पाहिलेले आहे. पण मधल्या सुट्टीची घंटा झाली की मुलांची झुंबड उडते ती फाटकाबाहेर. पिवळे पोंगे, रंगीत बर्फाच्या कांड्या, आणि चकचकीत कागदातले तिखटमिठाचे तळलेले तुकडे! पाच रुपयांत भूक मरते, आणि वरणभात ताटात तसाच राहतो.

येथे वाणिज्याचा साधा हिशेब करून पाहावा. शेंगदाण्यांचा भाव किलोला दीडशे रुपये धरला, तरी पाच रुपयांत सुमारे ३३ ग्रॅम दाणे येतात. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे त्या मुठीतून मुलाला आठेक ग्रॅम प्रथिने मिळतात. तेच पाच रुपये पोंग्यांवर घातले तर मिळते ते मुख्यतः पीठ, तेल आणि मीठ. किंमत तीच, मोल निराळे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली नियम करून, चरबी, साखर आणि मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये व फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकण्यास मनाई केली आहे. नियम चांगला आहे. पण पन्नास मीटर मोजायला टेप घेऊन कोण उभे राहणार?

कमलाबाईंच्या उत्तरायुष्यात या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद त्यांना न्याय्य वेळेपेक्षा बरेच उशिरा मिळाले, पण मिळाले. निवृत्तीनंतर मानसन्मान घेत बसता आले असते. त्याऐवजी त्या ग्राहक संघटनेत काम करू लागल्या. १९८२-८३ साली त्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले, आणि सामान्य वाचकाला आहारशास्त्र समजावे म्हणून ‘आहार-गाथा’ हे पुस्तक मराठीत लिहिले. केंब्रिजचे ज्ञान त्यांनी गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत आणून पोहोचविले. कायदा सरकार करते, पण वस्तू उलटून मागची बाजू वाचायची सवय लोकांनाच लावून घ्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. वय ८७ वर्षांचे होते. ज्यांना सुरुवातीला दार बंद होते, त्यांच्या सन्मानासाठी अखेरीस देशातले शास्त्रज्ञ जमले होते.

अशा व्यक्तीची जयंती साजरी करून, तसबिरीला हार घालून आपले कर्तव्य संपत नाही. आपल्यापैकी बरेच जण उद्या शिक्षक होतील, कोणी दुकानदार होतील, कोणी शाळेच्या समितीवर जातील, आणि पालक तर बहुतेक सगळेच होतील. शाळेच्या फाटकाशी पाच रुपयांत दाणे-गूळ, फुटाणे किंवा द्रोणभर उसळ मिळू लागली, तर मूल ती खाणार नाही असे थोडेच आहे? विकणाऱ्याचाही धंदा बुडणार नाही. आरंभ करायला आपल्या महाविद्यालयाचे कँटीनही काही वाईट नाही. तेथील फळ्यावर वड्याशेजारी मटकीच्या उसळीचा भाव लिहिलेला दिसावा, एवढी मागणी तर आपण या वर्षीच करू शकतो.