फादर आथानासियुस किर्खर

जर्मनीतील गाईझा गावी १६०२ साली जन्मलेल्या ह्या येशूसंघीय धर्मगुरूची जिज्ञासा विलक्षण! १६३८ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीचे अंतरंग पाहण्यास ते त्याच्या धुमसत्या मुखात उतरले. रोम येथे त्यांनी उभारिलेले अद्भुत वस्तूंचे संग्रहालय पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येत. मिसर देशाची चित्रलिपी आपणांस उलगडली, असे ते समजत. परंतु त्यांची भाषांतरे साफ चुकली होती, हे आम्हांस सांगितलेच पाहिजे. तथापि कॉप्टिक ही प्राचीन मिसरी भाषेचीच कन्या, हे त्यांनी अचूक ओळखिले होते. आणि त्याच कॉप्टिकच्या आधारे फ्रेंच पंडित शांपोलियों ह्याने १८२२ साली त्या लिपीचे कोडे सोडविले. १६८० साली फादर रोममध्येच निवर्तले. त्यांचे हृदय मात्र, त्यांनीच जीर्णोद्धार केलेल्या मेंतोरेला डोंगरावरील पवित्र मरियेच्या देवालयात पुरिले आहे.