चिंतामण विनायक जोशी

चिंतामण विनायक जोशी ऊर्फ चिं. वि. जोशी (जन्म : पुणे, १९ जानेवारी १८९२, मृत्यू : २१ नोव्हेंबर १९६३) हे मराठी विनोदी लेखक आणि पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे व्यासंगी अभ्यासक होते. चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीचे जनक म्हणून ते ओळखले जातात. पाहुण्यांची ये-जा, घरातील लग्नकार्य, मुलांची दुखणी, महिनाअखेरची ओढाताण अशा रोजच्या बारीकसारीक कटकटी आणि त्यांतूनच लाभणारी लहानसहान सुखे हा त्यांच्या विनोदाचा मुख्य विषय होता.

शिक्षण आणि पालीचा अभ्यास

जोशी यांचे शिक्षण पुण्यात झाले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्या काळी धर्मानंद कोसंबी पाली शिकवीत असत. कोसंबींनी गोव्यातील घर सोडून नेपाळ, श्रीलंका व ब्रह्मदेश येथे हिंडून बौद्ध धर्माचे ज्ञान मिळवले होते. त्यांच्या हाताखाली पालीच्या अभ्यासकांची जी पहिली पिढी पुण्यात तयार झाली, तिच्यात जोशी होते. पुढे ते बडोद्यास गेले. तेथे त्यांनी पाली व मराठी या विषयांचे अध्यापन केले आणि संस्थानच्या राजदप्तराची जबाबदारीही बरीच वर्षे सांभाळली. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत बडोदे हे मराठी विद्वानांचे एक मोठे आश्रयस्थान झाले होते. खुद्द कोसंबींनाही सयाजीरावांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा ५० रुपयांचे साहाय्य दिले होते.

पालीतील जोशी यांचे सर्वांत चिकाटीचे काम म्हणजे ‘सद्धम्मप्पकासिनी’ या ग्रंथाचे संपादन. ‘पटिसंभिदामग्ग’ या ग्रंथावरील ही अट्ठकथा लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १९३३ ते १९४७ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांनी जातककथांतील निवडक गोष्टीही मराठीत आणल्या. विनोदी लेखनाच्या प्रसिद्धीमुळे मराठी वाचकांत त्यांचे हे काम झाकोळले गेले. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ हे पुस्तकही १९३३ सालचेच आहे, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

विनोदी लेखन

मराठी विनोदी लेखाचा पाया श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ने घातला आणि राम गणेश गडकरी यांनी ‘बाळकराम’ या नावाने त्यावर इमारत चढवली. कोल्हटकरांचा रोख प्रामुख्याने धार्मिक व सामाजिक रूढींवर होता. गडकऱ्यांचे बळ कल्पनेच्या आणि शब्दांच्या अतिशयोक्तीत होते. दोघांच्याही लेखनात वाचकाला हसवणाऱ्या लेखकाची चतुराई पदोपदी जाणवते. जोशी यांनी ही चतुराई आड ठेवली. चिमणराव आपली हकीकत स्वतःच सांगतो, तीही गंभीरपणे. आपण हास्यास्पद ठरत आहोत याचा त्याला बहुधा पत्ताच नसतो. तो कारकुनी करणारा, भिडस्त, काटकसरी आणि चारचौघांत अब्रू जाऊ नये म्हणून धडपडणारा गृहस्थ आहे. ही धडपडच त्याला दर वेळी नव्या संकटात नेते. त्याला हसताना वाचक स्वतःच्या घरालाच हसत असतो, आणि मागील दोघांपेक्षा जोशी यांचे वेगळेपण येथेच आहे.

गुंड्याभाऊ हा चिमणरावाचा नात्याने भाऊ. तो धिप्पाड आणि धाडसी असून हातात सोटा बाळगतो. चिमणराव अडचण पाहून कचरतो, तर गुंड्याभाऊकडे प्रत्येक अडचणीवर तोडगा तयार असतो. बरेचदा मूळ अडचण परवडली पण तोडगा नको, अशी वेळ येते. तरीही दोघांतील जिव्हाळा कधी तुटत नाही. जोशी यांच्या विनोदाला कडवटपणा शिवत नाही, याचे हेही एक कारण आहे.

चिमणरावाच्या पत्नीचे नाव काऊ. चिमणी आणि कावळा यांची गोष्ट ऐकल्यावाचून मराठी मूल मोठे होत नाही. तीच जोडी जोशी यांनी एका छपराखाली नांदवली आणि तिच्या पोटी मोरू, मैना व राघू ही मुले दिली. नावे अशी खेळकर असली तरी संसार मात्र अगदी खरा आहे. पैशाची मोजदाद, नातेवाइकांचे मानपान, शेजाऱ्यांशी चढाओढ आणि नव्या यंत्रांविषयीची धास्ती यांचे त्यात इतके बारकावे आहेत की, दोन महायुद्धांमधील काळात पांढरपेशे कुटुंब कसे जगत होते हे जाणून घेण्यासाठीही या कथा उपयोगी पडतात. दिवसा दप्तरातील कागद सांभाळणाऱ्या लेखकाच्या हातून हे दुसरे दप्तरही नकळत तयार झाले.

या चित्राला मर्यादाही आहेत. ते बहुतांशी पुण्यातील एका विशिष्ट पांढरपेशा वर्गाचे आहे. त्याबाहेरील माणसे येतात ती ओझरती. काऊची बाजूही वाचकाला नवऱ्याच्याच तोंडून कळते; मात्र तिचे व्यवहारज्ञान त्याच्यापेक्षा सरस असल्याचे तोच अजाणता सिद्ध करत राहतो.

जोशी यांच्या पुस्तकांची नावेही त्यांच्या वृत्तीशी जुळणारी आहेत. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२), ‘चिमणरावांचे चऱ्हाट’, ‘वायफळाचा मळा’ (१९३६), ‘पाल्हाळ’ अशा शीर्षकांतून लेखक आपले लिखाण निरर्थक बडबड असल्याचे आधीच जाहीर करून टाकतो. एरंड कितीही पिळला तरी त्यातून उसासारखा रस निघत नाही, हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्यातली खोच लगेच कळत असे. ‘आणखी चिमणराव’ (१९४४), ‘ओसाडवाडीचे देव’ (१९४६), ‘गुंड्याभाऊ’ (१९४७) व ‘रहाटगाडगे’ (१९५५) ही त्यांची आणखी काही पुस्तके होत.

चित्रपट आणि दूरदर्शन

मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटाची कथा जोशी यांची होती. ‘घर पहावे बांधून, लग्न पहावे करून’ या म्हणीवरून घेतलेल्या या नावातच लग्न जमवणाऱ्या घराची दमछाक सुचवलेली आहे. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी त्यात चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी पडद्यावर आणली. विनायक यांचा ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) हा चित्रपटही जोशी यांच्याच कथेवर आधारित होता.

जोशी यांच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबई दूरदर्शनने ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका प्रसारित केली. चिमणरावाची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी, तर गुंड्याभाऊची बाळ कर्वे यांनी केली. पुस्तके न वाचलेल्या घरांतही ही जोडी मालिकेमुळे पोहोचली, आणि कर्वे यांना गुंड्याभाऊ हीच ओळख पुढे कायमची चिकटली.