आंद्रेई येर्शोव

आंद्रेई पेत्रोविच येर्शोव (१९ एप्रिल, १९३१:मॉस्को - ८ डिसेंबर, १९८८:मॉस्को) हे सोव्हिएत संघातील संगणकशास्त्रज्ञ होते. शालेय मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याचा विचार देशव्यापी अभ्यासक्रमापर्यंत नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

जीवन

येर्शोव यांच्या बालपणाचा काही काळ युक्रेनमधील रुबिझ्ने येथे गेला. दुसऱ्या महायुद्धात हे गाव जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. शत्रुव्याप्त प्रदेशात राहिल्याची ही नोंद पुढे मॉस्को विद्यापीठात त्यांना नडली आणि भौतिकशास्त्र सोडून गणिताकडे वळावे लागले. तेथे अलेक्सेई ल्यापुनोव हे गुरू लाभले, त्यामुळे ही आपत्ती एका अर्थी इष्टापत्तीच ठरली. १९५४ साली ते पदवीधर झाले. बेस्म या संगणकाच्या कंपायलरविषयी त्यांनी १९५८ साली लिहिलेले पुस्तक या विषयावरील जगातील आरंभीच्या पुस्तकांत गणले जाते. पुढे ते सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथील विज्ञाननगरीत स्थायिक झाले. १९८४ साली ते सोव्हिएत विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले.

शालेय शिक्षणातील कार्य

१९७० च्या दशकात येर्शोव यांच्या प्रोत्साहनाने नोव्होसिबिर्स्क येथे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याचे प्रयोग सुरू झाले. उन्हाळी सुटीत बालप्रोग्रॅमरांची शिबिरे भरू लागली. या कामात गेन्नादी झ्वेनिगोरोद्स्की आणि युरी पेर्विन हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. झ्वेनिगोरोद्स्की यांनी ८ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी 'रोबिक' ही भाषा रचली होती. तिच्यातील आज्ञा रशियन शब्दांत असत आणि त्या पाळणारे काल्पनिक यंत्रमानव पडद्यावर कामे करीत. त्यांपैकी 'मुंगी' चौकटींच्या पटावर अक्षरांचे ठोकळे ढकलून शब्द जुळवी. आज्ञांचा क्रम चुकला, की शब्दही चुके, आणि चूक कोठे झाली हे मुलाला स्वतःच शोधावे लागे. झ्वेनिगोरोद्स्की १९८४ साली ऐन तारुण्यात निधन पावले; मुलांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

१९८१ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या जागतिक परिषदेत येर्शोव यांनी प्रोग्रॅमिंग ही दुसरी साक्षरता असल्याचा विचार मांडला. छापखान्यामुळे जशी साक्षरता सार्वत्रिक झाली, तशी संगणकामुळे ही दुसरी साक्षरता होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुलांनी आपल्या कृतीचा आराखडा आधी बांधायला शिकावे, हा त्यामागील हेतू होता. सर्वांना व्यावसायिक प्रोग्रॅमर करावे, असा त्याचा अर्थ काढणे योग्य ठरणार नाही.

१९८५ च्या मार्च महिन्यात सोव्हिएत नेतृत्वाने निर्णय घेतला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत संगणकशास्त्र हा विषय सुरू झाला. हाताशी उरले होते ते अवघे काही महिने. येर्शोव आणि व्ही. एम. मोनाखोव यांच्या संपादनाखाली पाठ्यपुस्तक आणि शिक्षकांसाठी मार्गदर्शिका तयार झाली. हा विषय शिकवणारा शिक्षकवर्गच अस्तित्वात नव्हता. म्हणून गणित व भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना उन्हाळी सुटीत प्रशिक्षण देण्यात आले. ज्यांनी स्वतः कधी संगणक हाताळला नव्हता, अशा शिक्षकांची तयारी इतक्या अल्पकाळात कितपत होणार, ही शंका रास्तच होती.

त्याहून मोठी अडचण यंत्रांची होती. बहुतेक शाळांत संगणक नव्हतेच. त्यामुळे पाठ्यपुस्तकात रशियन शब्दांची एक अल्गोरिदम-भाषा योजण्यात आली आणि विद्यार्थी वहीत आज्ञावली लिहून, प्रत्येक पायरी हाताने पडताळून पाहू लागले. या 'यंत्राविना' अध्यापनावर बरीच टीका झाली. तयार संगणकप्रणाली सहज मिळू लागल्यावर प्रत्येकाने प्रोग्रॅमिंग शिकण्याची गरजच काय, असाही आक्षेप घेतला गेला. तथापि, यंत्रे येईपर्यंत थांबले असते, तर विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या या विषयाविना शाळेबाहेर पडल्या असत्या, याचा विचार टीकाकारांनी फारसा केलेला दिसत नाही.

येर्शोव यांनी आयुष्यभर जपलेला पत्रव्यवहार व कागदपत्रे यांचे संगणकीकरण करण्यात आले असून, नोव्होसिबिर्स्क येथील इन्फर्मेटिक्स सिस्टिम्स संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.