फॅक्सचा जनक आणि फुटलेले गुपित

इंदापूरच्या रुग्णाला पुढील उपचारांसाठी बारामतीला किंवा पुण्याला हलवायचे असेल, तर त्याच्याआधी त्याचे कागद पोचलेले बरे. रक्ताचा अहवाल, ईसीजी, कधी एचआयव्हीची तपासणी. हे कागद आता संगणकावरून क्षणात जातात. पण कागदाची हुबेहूब नक्कल तारेवरून धाडण्याची युक्ती टेलिफोनपेक्षाही जुनी आहे. ती शोधून काढली अलेक्झांडर बेन यांनी.

बेन यांचा जन्म १८१० मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, वॉटन या खेड्यात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. भावंडे बरीच, शिक्षण जेमतेम. विक गावच्या घड्याळजीकडे ते उमेदवारी करू लागले. १८३० मध्ये कडाक्याच्या थंडीत कित्येक मैल चालत जाऊन त्यांनी विजेवरचे एक व्याख्यान ऐकले आणि तोच ध्यास घेतला.

पुढे लंडनला जाऊन त्यांनी विजेवर चालणारे घड्याळ बनवले. हाताशी पैसा नव्हता. म्हणून १८४० मध्ये त्यांनी आपल्या प्रतिकृती चार्ल्स व्हीटस्टन या नामवंत प्राध्यापकांना विश्वासाने दाखवल्या. यात फारसा अर्थ नाही, असे व्हीटस्टन यांनी त्यांना सांगितले. त्यानंतर काही महिन्यांतच रॉयल सोसायटीपुढे विजेचे घड्याळ सादर झाले, ते व्हीटस्टन यांचे स्वतःचे म्हणून! सुदैवाने बेन यांनी पेटंटसाठी आधीच अर्ज केला होता. पुढे प्रकरण ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहापर्यंत गेले आणि बेन यांना भरपाई मिळाली.

१८४३ मध्ये त्यांनी फॅक्सच्या मूळ यंत्राचे पेटंट घेतले. दोन्ही टोकांना एकाच लयीत हलणारे लंबक. एकीकडची सुई धातूच्या उठावदार अक्षरांवरून फिरे. अक्षराला टेकली की वीज वाहे आणि दुसरीकडे रसायनात भिजवलेल्या कागदावर तिथेच डाग उमटे. ओळीमागून ओळ असे पूर्ण चित्र तयार होई. त्याची व्यापारी सेवा १८६५ मध्ये पॅरिस ते लियाँ सुरू झाली, तीही जोव्हानी कासेली यांच्या यंत्रावर.

बेन यांचा पैसा कोर्टकचेऱ्यांत आणि फसलेल्या गुंतवणुकीत गेला. १८७३ मध्ये काही शास्त्रज्ञांच्या खटपटीने त्यांना वर्षाला ८० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मिळाले. पायांतले बळ गेलेल्या अवस्थेत, असाध्य रुग्णांसाठीच्या आश्रमात जानेवारी १८७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

बेन यांचे गुपित तारेतून फुटले नाही. ज्याच्या हाती दिले तिथे फुटले. रुग्णाच्या कागदांचेही बहुधा तसेच होते. संगणकावरून फॅक्स पाठवताना इंटरनेटवरचा टप्पा सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवता येतो. पुढचा साध्या फोनलाइनचा टप्पा तसा नसतो आणि पलीकडच्या यंत्रातून निघालेला कागद येणारा-जाणारा कोणीही वाचू शकतो. म्हणून क्रमांक दोनदा तपासावा. आधी फोन करून योग्य व्यक्तीला यंत्रापाशी थांबायला सांगावे. पहिल्या पानावर रुग्णाचे नाव वा आजार लिहू नये. कागद मिळाल्याची खात्री करून घ्यावी आणि सामायिक संगणकावरची प्रत पुसून टाकावी. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्यानेच गोपनीयतेचे बंधन घातले आहे. मधुमेहाचा किंवा गर्भपाताचा कागदही तितक्याच जपणुकीने हाताळायला हवा. गुपित फुटेल या धास्तीने रुग्ण तपासणीच टाळू लागला, तर आजार अंगावर निघतो.